चमचाभर हित

३ मार्च, सकाळी ६.१०

हे कृपासागरा, तुझ्या साक्षीने लेखणी हाती घेतो. अहंकार गळो, सत्य उरो, हस्ताक्षर सुवाच्य राहो. या वहीला वाचक नाही, तेव्हा येथे काही लपविण्याचे कारण नाही.

विषय असा. कन्या, वय चौतीस, प्रयोगशाळेत नोकरी. एकटी राहत असे. गेल्या महिन्यापासून आमच्याकडे आहे. शेजाऱ्यांस सुट्टीवर आली आहे असे सांगितले. वस्तुतः ती जेवत नाही. तीनच पदार्थ चालतात : मोकळा भात, सोललेला उकडलेला बटाटा आणि खारट चौकोनी बिस्किटे. आणखी दोन किलो वजन उतरल्यास रुग्णालयात ठेवावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात.

संकल्प : एका महिन्यात ती चारचौघांसारखी जेवेल. चाळीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे. दुसऱ्याची चूक शोधून ती शुद्ध करणे हाच माझा धर्म.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट. निदान : ऑटिझम, अर्थात स्वमग्नता. पुष्कळांना ती मोठेपणीच कळते, आणि खाण्याच्या आजारांसोबत बरेचदा आढळते, सर्वांत नव्हे. कन्येला बारीक दिसण्याची हौस मुळीच नाही. घासाचा स्पर्श, त्याचा वास आणि ठरलेले बदलले की बसणारी धडकी हे तिचे दुखणे. भूक लागली आहे हेही तिला अनेकदा उमगत नाही.

मी शब्दापाशीच थबकलो. स्वमग्नता! स्वरूपी मग्न होण्यासाठी साधक आयुष्य वेचतात, आणि हे त्याला निदान म्हणतात. तसे बाईंना सविस्तर समजावले. कन्या घड्याळाकडे पाहत म्हणाली, "बाबा, अपॉइंटमेंट वीस मिनिटांची आहे. तुमची अठरा झाली."

उरलेल्या दोन मिनिटांत बाईंनी एक फॉर्म दिला आणि बजावले, "काका, जेवणात लपवून काही घालू नका. विश्वास गेला तर तो पदार्थही जातो."

सूचना चांगली आहे. सर्वसाधारण पालकांसाठी असावी.

७ मार्च, दुपारी

फॉर्म भरला. 'आपल्या मुलीविषयी' असे शीर्षक. रकाने तीन : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. अपुरे वाटले. पट्टी घेऊन चौथा आखला : योग्यच. बहुतेक उत्तरे त्यात बसली.

ठरावीक भांड्याचाच आग्रह? योग्यच. ताटातले पदार्थ एकमेकांना लागल्यास अस्वस्थता? योग्यच; सरमिसळ हा अविचार होय. जेवणाची वेळ चुकल्यास चिडचिड? योग्यच. कपड्यांची लेबले टोचतात? योग्यच, मी सर्व सदऱ्यांची लेबले कात्रीने काढतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या.

हिने खांद्यावरून डोकावून विचारले, "अहो, फॉर्म तिचा भरताय की तुमचा? पस्तीस वर्षं तुमच्या दोन वाट्यांत चार बोटं अंतर ठेवतेय मी."

हिला भेद कळत नाही. माझा तो नियम. कन्येचा तो हट्ट.

१० मार्च

वाचनालयात माझे 'मिताहार' या विषयावरील प्रवचन. एकवीस श्रोते. उत्तम रंगले. चहाच्या वेळी ग्रंथपालांनी विचारले, मुलगी दिसत नाही? "मजेत आहे, सुट्टी आहे," म्हणालो. नंतर लक्षात आले की प्रवचनाचा उत्तरार्ध सत्यवचनावर होता. कान तापले. पुढच्या वेळी विषयांचा क्रम बदलावा.

१२ मार्च, सकाळी ११

औषधाच्या दुकानातून पोषणाची पावडर आणली. दुकानदार म्हणाला, "चव नाही, वास नाही, कुणाला कळायचंसुद्धा नाही." हिला सांगितले नाही. लपविणे आणि न सांगणे यांत शास्त्रतः अंतर आहे. भातात एकच चमचा.

दुपारी १.४०

पहिल्याच घासाला थांबली. म्हणाली, "बाबा, आज भात भात नाहीये."

मी म्हणालो, तांदूळ नवा आहे.

तिने चमचा ताटाच्या कडेला समांतर ठेवला आणि उठून गेली. ही माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी ताटाकडे पाहिले.

१३ मार्च

भात बंद. हिने वेगळ्या पातेल्यात, तिच्या डोळ्यांदेखत शिजवला, तरी नाही. तात्पुरते असावे.

१४ मार्च

बटाटाही बंद. तो मी सोलतो म्हणून.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. "खरं सांगा, काय घातलं होतं?" मी म्हणालो, तुझे हित. ती म्हणाली, "कुठल्या कंपनीचं?"

पुढे तीच म्हणाली, "हिताला वास येतो, बाबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा." मग अगदी हळू, "तीनच होते माझे. त्यातले दोन गेले."

हेतू शुद्ध होता, असे लिहायला बसलो होतो. लिहून पाहिले. खोडले.

१६ मार्च, सकाळी ७

नवा संकल्प. उपदेशाहून आचरण थोर. टोमॅटो मी सातव्या वर्षापासून खाल्लेला नाही, तत्त्व म्हणून. आज तो कन्येसमोर खाईन. निश्चयाने काय साधत नाही हे तिला प्रत्यक्ष दिसेल.

दुपारी १.१०

एक फोड घेतली. साल वेगळी, गर वेगळा, आणि त्या बिया! जीभ मागे सरली, घसा मिटला, डोळ्यांत पाणी आले. पुसण्याच्या मिषाने फोड रुमालात घेतली आणि म्हणालो, रुचकर आहे.

"रुमालात आहे," कन्या म्हणाली.

वाटले, आता कन्या हसेल. मला ते चालले असते. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "एकदम तोंडात नाही घालायचं. आज फक्त बशीत ठेवा. उद्या वास घ्या. परवा नको वाटलं तर परवा नाही. आणि कुणी बघत असेल तर मुळीच नाही." मग तोंड भिंतीकडे वळवून बसली, मला अवघडू नये म्हणून.

चौतीस वर्षांत मी तिच्या ताटावरून एकदाही नजर काढली नव्हती.

१९ मार्च

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे ठेवला. "काका, हा कोणाविषयी भरलाय?" कन्येविषयी, म्हणालो. "मग सदऱ्यांची लेबलं कोण कापतं?"

कन्या महिन्यात पहिल्यांदा हसली. हीही हसली. बाई म्हणाल्या, आपलेच वळण मुलात असले की ते वडिलांना दिसत नाही. तुमच्यात काय आहे ते मी फॉर्मवरून ठरवणार नाही, पण हवे तर कधी बोलू. मी विषयांतर म्हणून तांबड्या शाईतील दुरुस्त्या दाखवू लागलो.

मग तिला वजनकाट्यावर उभे केले. सर्वांचे हसू थांबले. काटा ठरलेल्या आकड्याच्या खाली होता.

बाईंनी विचारले, या आठवड्यात काय बदलले? कन्येने माझे नाव घेतले नाही. मीही घेतले नाही. घरी येताना रिक्षात हिला सांगायचे ठरवले. रिक्षात हिनेच सांगितले, "मला पावडरीचा डबा सापडला होता. म्हटलं, आज तरी तुम्ही बोलाल."

दारातूनच बाईंना फोन लावून सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावत्या तर बरे वाटले असते.

२२ मार्च, दुपारी ४.३०

कन्या रुग्णालयात. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी खाट. किती दिवस ते सांगता येत नाही म्हणाले. शेजाऱ्यांना खरे सांगितले. त्यांनी केवळ प्रकृतीची चौकशी केली.

क्षमापत्र लिहून नेले होते. चार परिच्छेद, तीनदा तपासलेले, एकही अशुद्ध शब्द नाही. तिने शांतपणे वाचले आणि पेन मागितले.

"चांगलं आहे. इथे 'चूक झाली' लिहिलंय. 'मी चूक केली' पाहिजे."

चाळीस वर्षांत माझ्या नजरेतून असे काही सुटले नव्हते. तिच्यासमोरच दुरुस्त केले. अक्षर वाईट आले.

निघताना विचारले, उद्या काय आणू? हिला म्हणाली, "आई, तू ये, बोलत बस." मला म्हणाली, "बिस्किटं. पण पाकीट बंद हवं, बाबा. तुम्ही फोडलेलं नको."

दुकानात उभा राहून सात पाकिटे पाहिली. प्रत्येकाची कड बोटाने चाचपली. एक निवडले. घरी आणून टेबलावर ठेवले आहे आणि हात मागे बांधून बसलो आहे.

या वहीला वाचक नाही, असे लिहिले होते. तरी कधी कोणाच्या हाती हे पान पडलेच, तर देव त्याचे कल्याण करो. भूक त्याला वेळेवर कळो. जे वाढले आहे असे सांगितले, तेच त्याच्या ताटात असो. आणि वाढणाऱ्या हातावर त्याचा विश्वास अखंड राहो.