हौद बुजवण्याचे काम

धरमपेठ, नागपूर
१७ एप्रिल १९६९

ती. इंदूबाई यांना कृष्णकांतचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? (रुपराव म्हणतात, बरे आहेत, पण ते सगळ्यालाच बरे म्हणतात.) जयाची परीक्षा नीट पार पडली असेल. माझी प्रकृती चांगली आहे, जेवणही वेळेवर होते. पत्राला उशीर झाला, कारण तळहातांना फोड आले होते. ते कशाने आले हेच कळवायला बसलो आहे.

संक्रांतीनंतर मी तुम्हाला लिहिले होते की मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद मातीने बुजवून टाकणार आहे. घर बांधताना तुमच्या बहिणीने बैठकीची खोली लहान करायला लावली आणि तेवढ्या जागेत पाणी मागितले. पारशिवनीकडे नदीत वाढलेली मुलगी. तिला नळाखालची आंघोळ म्हणजे पाहुण्याघरची वाटायची. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, म्हणून स्वतः उभा राहून हौद बांधून घेतला. ती रोज सकाळी पोहायची आणि मी काठावर चहा घेऊन बसायचो. (मला पोहता येत नाही. चहा सांभाळणे हेच माझे काम होते.) प्रेमलता गेल्यापासून मी ते मागचे दार उघडले नव्हते. दोन पावसाळ्यांत हौदात कडुनिंबाचा पाला, शेवाळ, बेडूक आणि वाऱ्याने उडालेले शेजारच्या वामनरावांचे एक धोतर, एवढे सगळे जमले. डास झाले. वामनराव तक्रार करत नाहीत. ते अंगणात मच्छरदाणी लावून आत पेपर वाचत बसत, आणि मला बरोबर दिसेल अशा जागी.

शेवटी मी माती मागवली. ती फाटकासमोर पडली. तुमचे उत्तर आले की एकट्याने करू नका, ह्यांना मदतीला पाठवते. साडू रुपराव आले, पण फावड्याऐवजी दोर आणि बादल्या घेऊन. मी म्हटले, माती टाकायला दोर कशाला? तर म्हणाले, "काहून घाई करून राहिले जी? गाळावर माती टाकाल त पावसाळ्यात सारा बगीचा खचते. आधी गाळ काढा लागते."

आम्ही गाळ काढला. (धोतर मी धुऊन, घडी करून परत दिले. वामनरावांनी ते नाकाला लावून पाहिले आणि "असू द्या" म्हणाले.) मग रुपरावांना तळाला तडे दिसले. "यातून माती पाझरते," ते म्हणाले. तडे सिमेंटने भरले. मग भिंतीत किडे असतात म्हणून चुना मारला. मग सिमेंट धरले की नाही ते पाहायला एकदा पाणी भरावे लागते, म्हणून विहिरीवरची मोटर लावली. पाणी भरता भरता रुपराव गावी जाऊन आले आणि येताना ओल्या पोत्यात एक कासव घेऊन आले. एसटीचा कंडक्टर त्याचे अर्धे तिकीट फाडायला निघाला होता म्हणे. तुमच्याकडे विहीर उपसली की पूजा करून आत कासव सोडतात, पाणी स्वच्छ राहते, हे मला ठाऊक आहे. पण हौद बुजवायचा असताना कासवाचे काय करायचे, असे मी विचारले. रुपराव नारळ फोडत होते. त्यांनी वर पाहिले नाही. "आता त्याचं घर झालं जी," म्हणाले. "कोणाच्या घरावर माती टाकाल काय?"

तेव्हा मला कळले की तुम्ही त्यांना बुजवायला पाठवलेच नव्हते.

मला बोलता येत नाही, लिहायलाही फारसे जमत नाही. दार आता दिवसभर उघडे असते. सकाळी मी काठावर चहा घेऊन बसतो आणि समोरून कासव पोहत जाते. वामनरावांनी मच्छरदाणी काढली, आता ते कुंपणावरून मला विचारतात, "कासव जेवलं का?" तुम्हा दोघांचे उपकार मानायला मला नीट शब्द येत नाहीत, म्हणून हे एवढे लांबले.

आपला,
कृष्णकांत

ता. क. फाटकासमोरची माती तशीच आहे. पोस्टमन तिच्यावर चढून पत्र देतो. रुपरावांनी जाताना त्या ढिगात भोपळ्याच्या बिया लावल्या.

ता. क. त्यावरून आठवले. पाठीला सुके भोपळे बांधून तुम्ही दोघी बहिणी नदीत पोहायला शिकलात, असे प्रेमलता सांगायची. ते अजून माळ्यावर असतील तर घेऊन सुट्टीत या. जयालाही आणा, पण शिकायचे मला आहे. माझे वजन तिच्याहून बरेच जास्त आहे, तेव्हा भोपळे असतील तेवढे सगळे आणा. काल दुसऱ्या पायरीपर्यंत उतरलो होतो. कासव निघून गेले.

ता. क. वर लिहिले की मला नारळाच्या वेळी कळले. ते तितके खरे नाही. तड्यातून माती पाझरत नाही, एवढे कोणत्याही ओव्हरसियरला समजते. तरी सिमेंटचे पोते महाल भागातल्या दुकानातून सायकलरिक्षात, पायाशी धरून मीच आणले. हे रुपरावांना सांगू नका. त्यांना वाटते, त्यांनी मला फसवले.