निकेशच्या नावाचा वर्कर

४ डिसेंबर
वर्ध्यात नवी नोकरी! पिपरी मेघेत मंदाबाईंकडे वरची खोली मिळाली. बॅग ठेवायच्या आत त्यांनी गरम भाकर अन् झुणका वाढला. त्यांचा मुलगा निकेश माझ्याच जागेवर काम करायचा. मागच्या हिवाळ्यात हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ट्रकखाली गेला. हे सांगतानाही त्या मला वाढतच होत्या.

६ डिसेंबर
काम आवडलं. दवाखान्यांचे स्कॅन आमच्याकडे साठवतात. एकेका स्कॅनचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. डॉक्टरांनी मागितलं की ते तुकडे जोडून देणारा प्रोग्राम म्हणजे वर्कर. एका वेळी किती वर्कर चालवायचे, ते मी ठरवायचं. आज आठ ठेवले. चालू दिसले नऊ. नवव्याचं नाव निकेश. जुनं काही राहिलं असेल म्हणून बंद केला.

९ डिसेंबर
बंद केला की परत येतो. कुणी न मागितलेलं काहीतरी जोडत बसतो. आज त्याने जोडलेली फाइल उघडली. आत एका तरुणाचा आवाज होता: "आई, मी जामले उभा आहो. घ्याले ये."
मंदाबाईंना ऐकवलं. त्यांनी लॅपटॉप छातीशी धरला. म्हणाल्या, "पोरी, बंद नको करू त्याले. बोलू दे माह्या लेकाले."
नाही केला.

१२ डिसेंबर
स्कॅन अडकू लागले, म्हणून वर्कर वाढवले. वाढवले ते सगळे निकेश झाले. सगळे तेच वाक्य जोडत होते. एका दवाखान्यातून फोन आला — डोक्याला मार लागलेली मुलगी, स्कॅन उघडत नाही. मी सगळे निकेश बंद केले. मुलगी वाचली म्हणे.
घरी आले तर कुलूप. शेजारच्या कोकिळाबाई म्हणाल्या, "मंदा जामले गेली. लेकाले आणाले."

१३ डिसेंबर
मंदाबाई जामच्या चौकातच सापडल्या, गेलेल्या. ट्रकवाला थांबला नाही. हातात निकेशचा स्वेटर — घडी केलेला —

१५ डिसेंबर
परत जादा वर्कर. दोन. दुसऱ्याचं नाव मंदा. मी टाकलेलं नाही — कुणीच —
फाइल उघडली.
"पोरी, भेटला वं माहा लेक. आता आम्हाले बंद नको करू."
स्कॅन पुन्हा अडकलेत. दवाखान्याचा फोन वाजतोय, थांबत नाही. बंद करायलाच हवं. बटणावर बोट आहे — पण फाइलमध्ये दोघं हसताहेत, दोघं —
मंदाबाई, मी —