जंगलातलं कातरलेलं पान

अहो,

चिठ्ठी मुद्दाम तुमच्या बुटात ठेवलीय. पायाला लागल्याशिवाय तुम्ही काही वाचत नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

डॉक्टरांनी जंगलात फिरायला सांगितलं आणि प्रेशर कसं झरझर उतरलं, हे तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलाय. मला मात्र घरातल्या प्रेशर मोजायच्या मशीनला हात लावू देत नाही. म्हणे, सेल संपलेत. नवे आणून दिले, तर मशीनच गायब! रोज जंगलातून येता, पण बुटांना मातीचा ठिपका नाही, मोज्यांना एक कुसळ नाही. शेजारणीनं नाही नाही ते मनात भरवलं, तेही मी गिळलं.

पण काल तुमच्या स्वेटरला एक पान चिकटलेलं सापडलं, कात्रीनं अर्धं कापलेलं. जंगलात माळी कधीपासून लागले हो कामाला? आणि बाहीच्या आत, कोपरापाशी, सुई टोचल्यावर लावतात ती पट्टी.

पान मी लगेच ओळखलं. हृदयाच्या इस्पितळाचं झुडपांचं कुंपण मीच कातरते. दर मंगळवारी आमच्या झाडांच्या नर्सरीचं काम तिथं असतं, आणि नेमका दर मंगळवारी तुमचा गुडघा दुखतो, जंगल बंद! मला वाटायचं, योगायोग असेल.

शेजारीण म्हणत होती तसं काही निघालं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

आज गुरुवार आहे. तरी मी तिथल्या फाटकापाशी उभी असेन. आत दोघं जाऊ. जंगलात मग जाऊ, खरोखरच्या.