तपासनिसाची खूण

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

चहा झाला. (सकाळचा चहा मी करतो. पावणेदोन चमचे, चार मिनिटं, मग गाळणं. या घरात अचूक होणारं हे एकमेव काम.)

संकल्प: आजपासून नवा धातुजोडणी संच (पट्ट्या आणि नटबोल्टांचं जुनं खेळणं) घेणं बंद. कायमचं. कपाटात एकतीस, पलंगाखाली नऊ, स्कूटरच्या डिकीत एक (तात्पुरता). काल बायको म्हणाली, आणखी एक डबा घरात आला तर ती स्वतःच डब्यात राहायला जाईल, मग मी तिलाही नंबर चिकटवावा. मी शांतपणे सांगितलं, संग्रह पुरा झाला, आता संशोधनाचा काळ. ती म्हणाली, बरं. या 'बरं'मध्ये विश्वास कमी होता.

संकल्प लाल शाईने लिहिला आहे.

३ फेब्रुवारी

एक घेतला.

याला संकल्पभंग म्हणता येणार नाही. हे संशोधनाचं साहित्य आहे. नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे वॉशर बघायला गेलो होतो. मोडक्या टेबलफॅनखाली हिरवा पत्र्याचा डबा. हातोडा छाप, संच क्रमांक चार! आमच्या संग्राहक मंडळाच्या यादीत या डब्याचे जेमतेम दोन नमुने आहेत, दोन्ही गंजके. भंगारवाला म्हणाला, कुणीतरी घर बदललं साहेब, माळा रिकामा केला, त्यातला माल, आत खिळेबिळे आहेत. खिळे! मी चेहरा निर्विकार ठेवला. त्याने लगेच भाव वाढवला. म्हणजे चेहऱ्यावर अजून काम करायला हवं.

डबा जुन्या सुटकेसमध्ये, स्वेटरांखाली. बायकोला योग्य वेळी सांगायचं.

४ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. नव्या फ्लॅटमध्ये सामान लागलं म्हणे. जुन्या घराचा माळा एका दुपारात साफ केला, सगळं भंगारात दिलं. मी त्याला बजावलं की माळे साफ करताना डोळे उघडे ठेवावेत, लोक अनमोल वस्तू फेकून देतात. तो म्हणाला, कसलं अनमोल भाऊजी, नुसता कचरा.

फोननंतर हिने एकच टॉवेल तीनदा घडी केला. मग म्हणाली, मला एकदा विचारायचं तरी दादाने. मी समजूत काढली की माळ्यावर विचारण्यासारखं काही नसतंच.

६ फेब्रुवारी, सकाळी ११

रजा टाकली. ही बाजारात. सुटकेस उघडली, ऑफिसच्या स्टोअरमधून आणलेला व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, बाहेर काढला. पंपांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सुटे भाग सांभाळतोय. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण भाग हातात घेतला की तो कुठला, कधीचा, कुणी ढापायचा प्रयत्न केला, हे सगळं मला कळतं.

पट्ट्या, कप्प्या, पितळी चाकं: सगळं जागच्या जागी. पण खरा शोध स्क्रूड्रायव्हरचा! लाकडी मुठीवर दोन खाचा शेजारी शेजारी. एक खोल, एक उथळ. अंतर साडेसात मिलिमीटर. असल्या खाचा कुठल्याच यादीत नाहीत.

अनुमान: कारखान्यातल्या तपासनिसाची खूण. तपासलेल्या हत्यारावर तो चिमट्याने ठसा उमटवत असणार. म्हणजे हा विक्रीचा माल नव्हेच, तपासणीचा नमुना! कोणत्याही मुलाचा हात या संचाला लागलेला नाही.

चहा करून घेतला.

९ फेब्रुवारी

तक्रार. माझ्या रेखाटनाच्या पेन्सिलीवर पुन्हा दातांचे ठसे. ही किराण्याची यादी करताना पेन्सिल तोंडात धरते. कपडे वाळत घालताना चिमटे तोंडात. शिवताना सुई तोंडात. म्हणे, देवाने हात दोनच दिलेत, मी काय करू? मी पुरावा म्हणून ठसे मोजून दाखवले. साडेसात मिलिमीटर. एक खोल, एक उथळ. ती म्हणाली, दातांचा हिशोब ठेवणारा नवरा मलाच मिळायचा होता.

काही लोकांना अचूकतेची किंमत नसते.

११ फेब्रुवारी

दुसरा शोध! संचातले तीन पत्रे लाल आहेत. हातोडा छापच्या क्रमांक चारमध्ये पत्रे हिरवेच असतात. लाल थर जाड, चकचकीत, कडेला ओघळलेला. स्पष्ट आहे: कारखान्याने नव्या रंगाचा गुपचूप प्रयोग केला आणि सोडून दिला. मी याला 'आरक्त मालिका' असं नाव दिलंय. मंडळाच्या अंकात लेख लिहिणार. शीर्षक: 'आरक्त मालिका: एक अज्ञात पर्व'.

चौदा वर्षं मी मंडळाचा 'साधारण सभासद' आहे. वार्षिक सभेत मागच्या रांगेत, खांबाच्या मागे. स्वतंत्र शोध लावणाऱ्यालाच 'मान्यवर सभासद' करतात. त्यांना पहिल्या रांगेत हाताची खुर्ची मिळते. मला खुर्चीचा मोह नाही. पण मान्यवर झाल्यावर मी ती नाकारणारही नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळी ७

मोजणी पूर्ण. एकशे त्रेचाळीस भागांपैकी एकच कमी: क्रेनचा हुक. लहानसा, काळा, बोटाच्या पेराएवढा. हुकाविना संच अपूर्ण. तीन संग्राहकांना पत्रं टाकली, चित्रासकट.

याच गडबडीत चहा उतू गेला आणि गाळणी अडकवताना ओट्याच्या भिंतीवरचा काळा हुक खिळ्यावरून निसटला. हिचा कुठलातरी जुनापुराणा हुक. चोवीस वर्षं बघतोय. मीच परत ठोकून बसवला. हिला म्हटलं, हे असलं दर्जाहीन हार्डवेअर घरात नको, एक स्टीलचा आणतो. ती म्हणाली, त्या हुकाला हात लावलात तर बघा.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंबद्दल बायका विनाकारण हळव्या असतात.

१९ फेब्रुवारी

जेवताना विषय निघाला. (मीच काढला, सहज, आडून आडून.) ही म्हणाली, आमच्याकडेपण होता हो एक मेकॅनो, दादाला पास झाल्यावर बाबांनी दिलेला, हिरव्या डब्यातला.

मी आधी सांगितलं की मेकॅनो हा ढोबळ शब्द आहे, 'धातुजोडणी संच' म्हणावं. आणि डबा हिरवा असणं शक्य नाही. हिरवे दुर्मिळ. तुमचा निळा असणार, नकली बनावटीचा. ती म्हणाली, हिरवा होता. मी प्रेमाने समजावलं की लहानपणच्या आठवणींवर विसंबता येत नाही, कागदावर नोंद लागते. तिने भात वाढला. माझ्या अपेक्षेपेक्षा बराच कमी.

२५ फेब्रुवारी

लेख पूर्ण. बावीस पानं, सात आकृत्या. मंडळाला रवाना. सोबत अर्ज: 'न हाताळलेला तपासणी नमुना' म्हणून प्रमाणपत्र मिळावे.

हिला अजून सांगितलेलं नाही. प्रमाणपत्रासकट सांगितलं तर धक्का सुखद होईल.

६ मार्च

मंडळाचं उत्तर आलं! स्वतः परीक्षक घरी येणार. पंधरा तारखेला चार वाजता. ते निवृत्त घड्याळजी आहेत, सत्तरीचे. त्यांनी एकदा एका अध्यक्षांचा अख्खा संग्रह नकली ठरवला होता, आणि मग त्यांच्याच घरी जेवून गेले.

संकल्प: हिला उद्या सांगणे.

१० मार्च

नाही सांगितलं. तिचं डोकं दुखत होतं.

१४ मार्च

आज तिचं डोकं दुखत नव्हतं. मूड फार चांगला होता. तो कशाला बिघडवा?

उद्यासाठी सांगून ठेवलंय की ऑफिसचे एक गृहस्थ येणार आहेत, सुट्या भागांबद्दल बोलायला. यात खोटं एवढंच, की ऑफिस.

१५ मार्च, दुपारी ३.५५

पांढऱ्या कापडावर संच मांडला. लेखाची प्रत उजवीकडे. भाग सरळ रेषेत. मी शांत आहे. नाडी चौऱ्याण्णव.

बेल वाजली.

१५ मार्च, संध्याकाळी ७.३०

जसं झालं तसं लिहितो. नोंद ती नोंद.

परीक्षक आले. गळ्यात भिंग. बोलणं जवळजवळ नाहीच. स्क्रूड्रायव्हर उजेडात धरून किती वेळ बघत बसले. मी तपासनिसाबद्दल सांगत होतो: ठशांवरून दिसतं की माणूस शिस्तीचा, मितभाषी आणि बहुधा अविवाहित. परीक्षक 'हं' म्हणाले. दोनदा. मला वाटलं, खुर्ची आली.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. टेबलाकडे पाहिलं आणि तशीच उभी. मग ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, अहो, हा माझा डबा.

मी पाहुण्यांसमोर आवाज न चढवता म्हणालो, सगळे डबे सारखेच दिसतात, तुमचा निळा होता. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. खुर्ची ओढली, एका हातात पट्टी घेतली, दुसऱ्या हातात नट आणि बोल्ट. आता स्क्रूड्रायव्हर धरायला हात उरला नाही.

तो तिने तोंडात धरला.

दात खाचांत असे बसले, जसं झाकण बरणीवर. हिचा पुढचा एक दात किंचित पुढे आहे. चोवीस वर्षांत ही नोंद मी कुठेच केलेली नाही.

परीक्षक आधी खोकले. नंतर कळलं, तो खोकला नव्हता. त्यांनी लाल पत्रे पुढे करून विचारलं, आणि हे काय, वहिनी? ही म्हणाली, आईचं नेलपॉलिश, अख्खी बाटली संपवली, पाठीत धपाटे खाल्ले होते त्याबद्दल.

मग ते दोघं तासभर बोलत बसले. संच दादाचा. दादाने तो दोनदा उघडला असेल. हा मुलांचा खेळ, तू हात लावायचा नाही, असं तो बजावून शाळेत जायचा. हिची शाळा दुपारची. सकाळी पलंगाखाली बसून हिने पूल बांधले, पवनचक्की बांधली, क्रेन तर पुस्तकात न बघता. दादा यायच्या आत सगळं सोडवून पुन्हा डब्यात, जसंच्या तसं. परीक्षकांनी मान हलवत सगळं टिपून घेतलं. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही यातलं काय काय बांधलंय आजवर?

मी सांगितलं की खरा संग्राहक बांधत नाही. ओरखडे पडतात.

परीक्षक 'हं' म्हणाले. हे वेगळं 'हं' होतं.

माझा लेख टेबलावरच होता. त्यांनी कप त्याच्यावर ठेवले.

ते गेल्यावर हिने एवढंच विचारलं, स्वेटरांखाली होता ना? मी म्हटलं, धुळीपासून बचाव. ती म्हणाली, निळा डबा दिसला तर मलापण सांगा हं.

१६ मार्च

नीट विचार केला. माझं निदान मुळात बरोबरच होतं. खूण होती, ती खूण करणारी व्यक्तीही होती, शिस्तही होती. फक्त व्यक्ती कारखान्यातली नव्हती. आणि अविवाहित नव्हती. (त्या वेळी होती! तेही बरोबरच.)

१७ मार्च

ऑफिसातून आलो तर ही टेबलापाशी. डबा उघडा. मी येताच झाकण लावायला लागली. पाहुण्यांच्या वस्तूला हात लावताना पकडलेल्या मुलीसारखी.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सहा वाजलेत असं सांगितलं.

रात्री व्हर्नियर धुऊन पुसून ठेवला. उद्या ऑफिसला परत.

१८ मार्च

सकाळी डब्यावरचं माझं लेबल (संच क्र. ४२, हाताळू नये) पाणी लावून सोडवलं. डबा टेबलावर, तिच्या बाजूला ठेवला. रात्रीच्या भाताचं प्रमाण पूर्ववत.

२९ मार्च

मंडळाचं पाकीट! जाड. दारातच फोडलं. नंतर बघितलं, पाकिटावर नाव हिचं होतं.

मजकूर: प्रत्यक्ष बांधणाऱ्याची अशी साक्ष आणि असा खेळलेला, जपलेला संच मंडळाच्या इतिहासात प्रथमच नोंदवला जात आहे. सबब आपणास 'मान्यवर सभासद' करण्यात येत आहे. वार्षिक सभेत पहिल्या रांगेत आसनाची व्यवस्था आहे. अंकासाठी आपण बांधलेल्या क्रेनचे छायाचित्र पाठवावे. आपल्या यजमानांचेही सहकार्याबद्दल आभार.

हिने पत्र दोनदा वाचलं. मग दादाला फोन लावला आणि त्यालाही दोनदा वाचून दाखवलं. एवढी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. किती दिवसांत, ते सांगता येणार नाही. नोंद नाही.

३० मार्च, रविवार, दुपार

क्रेन. जेवणाच्या टेबलावर. मला बोल्ट पुरवण्याचं काम मिळालं. पहिल्या अर्ध्या तासात तीनदा चुकीचा दिला. ती म्हणाली, अहो, नुसते ओळखायचे नसतात, लागायच्या आधी हातात ठेवायचे असतात.

दीड तासात क्रेन उभी राहिली. दोरी ओवली. इथे मी गंभीरपणे सांगितलं की यापुढे काम होणं नाही, कारण हुक गायब आहे. या हुकासाठी मी तीन ठिकाणी पत्रं घातली, तिघांनीही हात वर केले, असा हुक आता जगात मिळणं कठीण.

ती उठली. आत गेली. गाळणी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने टेबलावर हुक ठेवला.

लहानसा, काळा, बोटाच्या पेराएवढा.

म्हणाली, दादाने डबा माळ्यावर टाकून दिला ना, तेव्हा हा तेवढा काढून घेतला होता. लग्नात बरोबर आणला. म्हटलं, क्रेन माझ्या हातून गेली ती गेली, पण त्याच्या क्रेनने कधी काही उचलायला नको.

मी हुक हातात घेतला. व्हर्नियर लावायची गरज नव्हती. चोवीस वर्षं रोज सकाळी मोजतोय त्याला, बोटांनी.

फोटो काढला. बांधणी: ती. छायाचित्र: मी. फोटोत माझा अंगठा आलाय.

३१ मार्च, सकाळी ६.४०

चहा. क्रेन ओट्यावर, गाळणी क्रेनला. तिनेच तशी ठेवलीय. हँडल फिरवलं, गाळणी हळूहळू खाली उतरली, थेट कपावर. उतरताना किर्र असा आवाज येतो. एक थेंब तेल घालायला हवं.

हिला विचारून.