पावसाच्या वाटणीचे काम

मिस्त्री, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचे उत्तर एका शब्दात दिले होते. त्या शब्दाविषयी मला आज लिहावयाचे आहे. तुम्हांला जाऊन आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. शिवाय तुम्हांला अक्षर वाचता येत नव्हते. तुम्ही हयात असता, तर हे पत्र तुम्हांला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असते, आणि तुम्ही ते बहुधा माझ्याच हाती दिले असते. तेव्हा ते लिहिण्यास मी आजवर बसलो नाही, याचे नवल वाटू नये.

गेल्या आठवड्यात मी कुंडलच्या पुढे एका लग्नास गेलो होतो. परतताना आपण बांधलेली शाळा पाहावी म्हणून मुद्दाम आडवाटेने आलो. शाळा पाडली आहे. तिच्या जागी नवी दुमजली इमारत उभी राहावयाची आहे. पाया खणलेला, खड्ड्यात गुडघाभर पाणी, यंत्र काळ्या चिखलात एका अंगाला कललेले आणि दहा-बारा माणसे शेडमध्ये मोबाईल पाहत बसलेली. मी तेथील मुकादमास विचारले, "पावसाच्या वाटणीचे काय ठेवले आहे?" त्याने माझ्या टोपीकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "पावसाला काय वाटणी द्यायची, आजोबा? त्यो काय भाऊबंद हाय व्हय?" शेडमधील माणसेही हसली. मी त्याला तुमची पद्धत सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. कारण ती पद्धत मी कशी शिकलो, हेही मग सांगावे लागले असते.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. पाचगणीस एका शाळेच्या आवारभिंतीच्या कामावर मी हजेरी लिहीत असे आणि त्या अनुभवावर स्वतःस मुकादम समजत असे. पाचगणीचा पाऊस मोठा, परंतु खाली तांबडा दगड. पाऊस उघडला की तासाभरात माणूस कोरड्या पायांनी कामावर उभा राहतो. म्हणून चैत्रात आपल्या शाळेच्या कामावर वळवाची पहिली सर येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले, तेव्हा मी तुम्हांला ऐटीत म्हणालो की, विटांची लॉरी बोलवावयास हरकत नाही. तुम्ही बांधावर बसून तंबाखू मळीत होता. मान वर न करता म्हणालात, "पाचगणीचं मुकादम, वहाणा काढा अन् त्या बाभळीपतोर जाऊन या." मी गेलो. वरून सुकलेली ती काळी जमीन पावलाखाली लोण्यासारखी खचली, आणि परत येईपर्यंत प्रत्येक पायास भोपळ्याएवढा गोळा चिकटला होता. टोळीतील बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही थापीच्या कडेने माझ्या पायाचा चिखल स्वतः खरवडून काढलात. "आता लॉरीच्या चाकाचा इचार कर, गड्या. हितं पाऊस थांबतो, चिखल थांबत न्हाई. तासाभराचा पाऊस अन् चार दिसांची सुट्टी." मला राग आला होता. परंतु त्या दिवसापासून अनवाणी बाभळीपर्यंत गेल्यावाचून मी कोठेही लॉरी मागविली नाही.

तुम्ही कागदावर काही मांडीत नसा. तुमचा आराखडा जमिनीवरच मांडलेला असे. कृष्णेला पाणी चढण्यापूर्वी वाळूचा ढीग पडलेला असे. सिमेंटची पोती फळ्यांवर, जमिनीपासून हातभर उंच. हमरस्त्यापासून जोत्यापर्यंतच्या दीड मैल गाडीवाटेवर जमेल तेवढा मुरूम. आणि पत्र्याच्या शेडच्या डाव्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली झाकलेले, कोणीही हात न लावावयाचे असे काही. त्यात वाकवावयाच्या सळया होत्या, स्लॅबखाली लावावयाच्या, तेल न पाजलेल्या फळ्या होत्या, खडीसाठी फोडावयाचा दगड होता आणि डांबर फासावयाच्या चौकटी होत्या. उन्हाळ्यात माणसे मोकळी असली तरी तुम्ही ते गोणपाट उचलू देत नसा. का, ते मी विचारले नाही. चौथी पास झालेल्या माणसाने सगळ्यांच्या देखत विचारावे, हे मला कमीपणाचे वाटे.

आपल्या टोळीत माणदेशाकडील नऊ बाया आणि चार गडी होते. दुष्काळात खडी फोडताना तुमची त्यांची ओळख झाली होती. त्यांचा रोज ज्या दिवशी काम त्याच दिवशीचा. पाऊस पडला की काम बंद, आणि काम बंद की त्या दिवसाची चूल बंद. तरीही ती माणसे पावसाळा पुढे दिसत असताना घर सोडून काळ्या रानात आली, ती केवळ तुमच्या शब्दावर. तुम्ही त्यांना म्हणाला होता की, शाळेवर छत चढेपर्यंत एक दिवसही कोणास रिकामे बसू देणार नाही. त्यांच्यातील थोरलीस तुम्ही आक्का म्हणत असा. उंच, हाडकुळी बाई. दोन घमेली एकावर एक घेऊन शिडी चढत असे. तिची ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा आजही माझ्या जिभेवर आहे. दुपारी ती पहिली भाकरी तुमच्यापुढे ठेवी, दुसरी माझ्यापुढे, आणि म्हणे, "खावा मुकादम, लिवून लिवून दमला असशीला."

वैशाखाच्या अखेरीस तुमच्या भाचीचे लग्न निघाले आणि तुम्ही बारा दिवसांसाठी गावी गेलात. जाताना सकाळी मला घेऊन सगळे आवार फिरलात. भिंतींवर दोन वेळा पाणी मारावे. पोत्यांखालच्या फळ्या रोज पाहाव्यात. गाडीवाटेवर जेथे चाक रुतेल तेथे मुरूम टाकावा. शेवटी शेडच्या कोपऱ्याजवळ थांबून तुम्ही आणखी काही बोललात. त्याकडे मी नंतर येतो.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी भट्टीवरून विटा येणे थांबले. भट्टीवाल्याने निरोप धाडला की, आठवडा लागेल. भिंती अर्ध्यावर, माणसे सावलीत बसलेली, आणि ओव्हरसियरसाहेब पाहणीस येणार असा सांगावा आलेला. माणसे बसलेली पाहून साहेब काय म्हणतील, याखेरीज माझ्या डोक्यात दुसरा विचार राहिला नाही. मी कोपऱ्यातील गोणपाट ओढून काढले. आक्का उठून जवळ आली. "मुकादम, ह्ये ऱ्हाऊ द्या. मिस्त्री येऊ देत की." "मग आज बसून राहणार का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "आज उनात बसू, आन् पावसात खाऊ." मी आवाज चढवून म्हणालो, "येथे मुकादम कोण आहे?" तिने पदर खोचला आणि खडीच्या दगडावर पहिला हातोडा तिनेच घातला.

आठवड्यात सगळा कोपरा संपला. सळया वाकवून केलेल्या रिंगा मापाने रचल्या, फळ्या तेलाने चमकू लागल्या, खडीचा ढीग चौकोनी बांधला. साहेब आले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास, मिस्त्री नसताना दुप्पट काम काढलेस." इतका सुखी मी माझ्या लग्नातही नव्हतो.

तुम्ही परत आलात. गळ्यात लग्नातील नवा टॉवेल, हातात माझ्यासाठी बुंदीच्या लाडवांची पुडी. पुडी माझ्या हाती देऊन तुम्ही शेडमध्ये गेलात, रिकाम्या कोपऱ्यापुढे उभे राहिलात आणि बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलेत. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, आणि लागला तो असा की, मुरमाची वाटदेखील काळ्या राबडीत दिसेनाशी झाली. विटांची लॉरी हमरस्त्यावरूनच परत गेली. शेड कोरडी होती, हात रिकामे होते, आणि शेडमध्ये करण्यासारखे एकही काम उरले नव्हते. तुम्ही बायांना तेल पाजलेल्या फळ्या पुन्हा पुसावयास सांगितल्यात. आक्काने दोन फळ्या पुसल्या आणि फडके खाली ठेवले. "मिस्त्री, आमाला कळतंय ओ. धर्माचा रोज नगं." पाचव्या दिवशी त्यांनी बोचकी बांधली. तुम्ही वाटेवर आडवे उभे राहिलात, "आवं आक्का, चार दीस दम धरा की," म्हणालात. ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर आलो व्हतो. चार दीस दम धरलाच की." मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मुकादम, पावसाला बी कायतरी ठिवायचं व्हतं. समदं तुमीच खाल्लं." तेरा माणसे डोक्यावर बोचकी घेऊन नडगीभर चिखलातून हमरस्त्याकडे गेली. ती टोळी तुमच्याकडे पुन्हा कधीही आली नाही.

त्याच दुपारी जोत्यावर बसून तुम्ही थापीने पायांचा चिखल काढीत होता. मी शेजारी उभा होतो. तुम्ही विचारलेत, "खरं सांग, जाताना मी तुला त्या कोपऱ्याचं सांगितलं व्हतं का रं?" मग तुम्हीच म्हणालात, "मला तर वाटतंय, सांगितलं. डोळ्यांम्होरं दिसतंय. पर तू कवा इसरत न्हाईस. चार बुकं शिकल्याला माणूस तू. म्हंजे मीच इसरलो असणार. सांगितलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही." एवढेच. म्हणजे, नाही सांगितलेत.

तुम्ही थापी खाली ठेवलीत. "मग चूक माझी," म्हणालात. पुढच्या पाहणीत साहेबांनी माणसे कोठे गेली असे विचारले, तेव्हाही तुम्ही तेच सांगितलेत, "ह्याचा काय दोष न्हाई सायेब, मलाच सांगायचं ध्यान ऱ्हायलं न्हाई." छत दिवाळीपूर्वी चढावयाचे ते पुढच्या फाल्गुनात चढले. तोवर गावातील मुले देवळात शिकली. परंतु छत अखेर चढले. जे मोडले ते निराळेच होते आणि ते मी डोळ्यांनी पाहत होतो. तुम्ही टॉवेलास गाठी मारू लागलात, प्रत्येक सूचनेची एक गाठ. वाळूवाल्यास निरोप दिल्यावर तासाभराने पुन्हा मला पाठवीत असा, "सांगितलं का बघ त्याला." ज्या माणसास तीन इमारतींची मापे तोंडपाठ असत, तो माझ्या वहीवर बोट ठेवून "ह्ये मी म्हनलो व्हतो न्हवं?" असे विचारू लागला. पन्नाशीच उलटली होती तुमची.

त्यानंतरचे दोन पावसाळे आपण सांगलीत काढले. माझ्या आयुष्यातील ते सर्वांत चांगले दिवस होत, हे मला आज लिहिले पाहिजे. बाहेर नदीकाठच्या गाळाच्या मळीत गाड्या रुतलेल्या, आणि शेडमध्ये पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, तेलाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास, नव्या टोळीच्या थट्टा, तुम्ही बाजारातून आणलेला गूळ घालून केलेला चहा. कोपरा मी भरीत होतो आणि कोणासही हात लावू देत नव्हतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तुम्ही भिंतीचा सरळपणा पाहावयाचा तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातावर ठेवलात. "धर. आता माझ्या डोक्यावर माझाच इश्वास न्हाई. चार मानसांचं प्वाट हाय ह्या कामात." मी तो घेतला. बोलण्याची ती वेळ होती आणि मी बोललो नाही. तुमच्या बाराव्यास मी आलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या की, शेवटी शेवटी जेवून उठल्यावरसुद्धा तुम्ही विचारीत असा, "जेवलो का गं मी?" त्या डोळे पुसून हसल्या. मला हसता आले नाही. ते दुखणे वयाचेच असेल, असे मी स्वतःस अनेक वर्षे समजावले. असेलही. परंतु त्याची सुरुवात कोठे झाली ते जोते मला ठाऊक आहे.

पुढे मी स्वतः कामे घेतली. प्रत्येक कामावर डावा कोपरा झाकून ठेविला. लोक त्याचे कौतुक करीत तेव्हा "आमच्या मिस्त्रींची पद्धत" असे मी सांगत असे. तेवढे खरे बोलत आलो. हे पत्र टपालात टाकण्याजोगे नाही. घडी करून ओळंब्याच्या पिशवीत ठेवीन.

आता तो कोपरा. त्या सकाळी तुम्ही गोणपाटावर हात ठेवून म्हणाला होता, "ह्ये पावसाच्या वाटणीचं. जग बुडालं तरी ह्याला हात लावायचा न्हाई. चिखल हाय तवर बाया हितं बसून खातील." मी "होय, मिस्त्री," म्हणालो होतो. तुम्ही दहा पावले गेलात आणि माघारी वळलात. "ध्यानात ऱ्हाईल न्हवं, गड्या?" आणि मी हसून उत्तर दिले होते, "मिस्त्री, मी चौथी पास आहे." तुम्हीही हसला होता.