काट्यावर पहिला नंबर

७ जून
रविवार, म्हणून रंकाळ्यावर आम्हा शाळेपासूनच्या दोस्तांची वजनं, कुणाचं जास्त उतरलं ते बघायला. दत्तूनं तालमीतला काटा स्कूटरवर घालून आणलेला. मी ६३. जानेवारीत ७२ होतो. दत्तू ओरडला, "कवी जिंकला की रं! पॉट गेलं कुठं तुझं?" घरून आणलेला फेटा त्यानं माझ्या डोक्याला बांधला. टाळ्या. शाळेच्या दिवसांत ही सगळी मातीत घुमायची आणि मी तालमीच्या पायरीवर बसून कविता पाठ करायचो. तालमीच्या कशातही माझा पहिला नंबर आला तो आज, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.
घरी येऊन आरशात बघितलं. मालती असती तर म्हणाली असती, नवरदेव दिसताय. की म्हणाली असती, जेवताय ना नीट?

१४ जून
दत्तूची रीत पैलवानाची. कुस्तीआधी वजन उतरवायचं तशी. रात्रीचं जेवण बंद, दूध बंद, मटण नाही, नुसता रस्सा. अंगावर घोंगडं घेऊन चालायचं, घाम काढायचा. "वजन गेलं की गुडघं सुटत्यात."
मला जड गेलं नाही. मालती गेल्यापासून रात्री एकट्यानं ताटावर बसणं तसंही...
जिन्यात मध्येच थांबलो. ऊन असेल.

२५ जून
दत्तूच्या नातवाचं बारसं. जमिनीवर पंगत. जेवणं झाली, सगळे उठले. मी नाही. पाय जागेवर होते, पण ऐकेनात. कुणीतरी म्हणालं, "पावणं अजून बसल्यात, वाढा की जिलबी!" हशा. मीही हसलो. शेवटी दोघांनी बगलेत हात घालून उचललं, पोतं उचलावं तसं.
सुमन हसली नाही. पोरगी गडहिंग्लजहून एवढ्यासाठी आलेली, आणि हे बघून गेली. जाताना एवढंच, "आप्पा, माडीवर एकटं राहणं आता बास."

२९ जून
सुमननं परत येऊन दवाखान्यात नेलं. डॉ.बाई लहान वयाच्या, आवाज हेडमास्तरांचा. "नऊ किलो? कुणी सांगितलं उतरवायला?" दत्तूचं नाव घेतलं नाही. हाताची घडी घालून खुर्चीवरून पाचदा उठा म्हणाल्या. दोनदा उठलो. मग त्यांनी माझी मांडी चिमटीत धरली. "पोट गेलं ते सगळ्यांना दिसलं. ही गेली ती कुणी बघितली नाही. या वयात उपाशी राहून वजन उतरवलं की ताकद जाते. मग पडणं, मग अंथरूण."
रक्त तपासलं, दुसरं काही नाही. अंडी, दूध, डाळ, आणि रोज खुर्चीवर उठबस.
सुमन रिक्षात म्हणाली, "गणपतीला येते. जमिनीवरून काही न धरता उठलात तर राहा इथं. नाहीतर सामान बांधणार."
सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक. त्यात शाळेतली क्रमिक पुस्तकं. तिच्या घरी ट्रंकेला जागा आहे, पलंगाखाली. मला पलंगावर.

८ जुलै
खुर्ची: चार. पाचव्याला हात लागला. पाच लिहावंसं वाटलं.
शाळेत कविता विसरली की तासभर उभं करायचे. मी मुद्दाम विसरायचो, उभं राहिलं की खिडकीतून उसाचे तुरे दिसायचे. पाय दुखले असतील का तेव्हा? आठवतच नाही. एवढी श्रीमंती, आणि आठवतही नाही.

१९ जुलै
दत्तू आला. रंकाळ्यावर मी जात नाही, म्हणून.
"तुझ्या भल्याचंच केलं की मी."
"पंचवीस वर्षांच्या पैलवानाचा खुराक तोडतात तसा म्हाताऱ्या कारकुनाचा तोडलास."
"आणि तू तोडू दिलास! फेटा बांधला तवा कसा फुललावतास?"
खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. चहा विचारला नाही. गेल्यावर दाराशी बघतो तर म्हशीच्या दुधाची किटली. मोरीत ओतणार होतो. प्यालो.

१६ ऑगस्ट
वजन ६५. खुर्ची: सात. जमिनीवरून: पलंगाचा पाय धरून. सोडून: नाही. तीनदा केलं, तिन्हीदा नाही.
खालचे जोशी जिन्यात भेटले. "आप्पा, परत सुटायला लागलात की, सांभाळा!" बारीक होत होतो तेव्हा हेच म्हणायचे, काय तब्येत राखलीय. लोकांना वरचं कापड दिसतं.

६ सप्टें.
पडलो. उठताना नव्हे, बसताना. माकडहाड ठणकतंय. सुमनला फोनवर म्हटलं, मजेत.

१३ सप्टें.
सुमन सकाळच्या एस्टीनं आली. ट्रंक बघितली. सोबत एक रिकामी बॅगही आणलीय. मी चटई टाकली. "आत्ता नको, आप्पा. आधी दुर्वा, फुलं घेऊन येते." पिशवी घेऊन खाली उतरली.
ती गेल्यावर बसलो. हे खाली बसूनच लिहितोय. बसलो ते नीट, काही न धरता. पलंग चार हातांवर आहे, मुद्दाम लांब बसलो. एकदा उठून बघितलं, अर्ध्यावर आलो, मांड्या थरथरल्या, परत खाली. दम घेतोय म्हणून लिहितोय.
रिक्षा थांबली. जोशींशी बोलतेय ती. डावा पाय आधी घेतो या वेळी.
जिन्यात पावलं. वही ठेवतो.