निशाणी डावा अंगठा

जिंतूर, शनिवार

तीर्थस्वरूप बन्सीधरमामांना भाचा मुंजाजीचा वाकून नमस्कार. मामीचे गुडघे कसे हायत? मानवतला कापसाला भाव बरा चालायलाय असं ऐकलं. (नुसतं विचारलं, मला काही विकायचं न्हाई.) माझी तब्येत ठीक हाय, तोंड मात्र कुणाला दाखवावं असं राहिलं न्हाई.

सगळा घोळ आमच्या नव्या साहेबांपासून. हापिसात एकमेकांच्या सह्या ठोकायचा आमचा जुना दस्तूर. (तुमी चिडाल, पण बाजाराच्या दिवशी माणसानं करावं काय?) साहेबांनी ते पकडलं अन् हुकूम काढला, की हजेरीला आता सही चालायची न्हाई, रोज सकाळी डावा अंगठा शाईत बुडवून उठवायचा. वर स्वतः भिंग घेऊन बसतात, अन् कालच्या अंगठ्याशी आजचा जुळला तरच खुर्चीवर बसू देतात. आमच्या पंडितचा अंगठा विळ्यानं कापला, तर साहेब म्हणले, तुमी पंडित न्हाईतच. बिचारा दुपारपर्यंत दारात उभा. अन् ती शाई राखेनं घासा, खोबरेल लावा, निघत न्हाई.

अशात मध्यस्थ लिंबाजी सोनपेठच्या दिनकररावांना घेऊन मला बघायला आला. त्यांची लेक कमल मी आधी बघितली होती, अन् खरं सांगतो, तिच्याशिवाय दुसरी कुणी मनात येत न्हाई. ती दहावी शिकलेली, तिची अट एकच, नवरा शिकलेला पाहिजे. निळा अंगठा दिसू नये म्हणून मी डावा हात खिशात घातला. चहा एका हातानं, पान एका हातानं, नमस्कारसुद्धा एकाच हातानं. दिनकरराव हळूच लिंबाजीला विचारायला लागले, पोरगं हातानं अधू हाय का. मग काढावाच लागला. त्यांनी अंगठा बघितला अन् हातातली कपबशी खाली ठेवली. अंगठा कोण उठवतं हे तुमाला काय सांगायचं.

हुकमाचा खुलासा मी करायच्या आतच त्यांनी पिशवीत हात घातला. ते तहसीलच्या कामाला आलेले, पिशवीतून एक कागद काढून म्हणले, "वाचा बरं." कागद उर्दूतला. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, त्यांच्या लेखी शिकलेला म्हणजे उर्दू वाचणारा. येत न्हाई म्हणलो असतो तर तिथंच मिटलं असतं, मामा. पण मी कागद धरला, डावीकडून उजवीकडं बोट फिरवलं (उर्दू उलटीकडून वाचतात हे मला ठावं हाय, पण त्या वक्ताला बोटाला ठावं नव्हतं), अन् मान डोलवून म्हणलो, वा, लय आनंद झाला वाचून.

तो त्यांच्या वडलांच्या मयतीचा दाखला होता.

तवापासून लाज पाठ सोडत न्हाई. आरशात बघवत न्हाई म्हणून दाढीसुद्धा अंदाजानं करायलोय, दोन जागी कापलंय. मामीला नमस्कार सांगा, बाकीचं सांगू नका.

तुमचा शर्मिंदा भाचा,
मुंजाजी

ता.क. खरं काम राहिलंच. माझा मॅट्रिकचा दाखला तुमच्या ट्रंकेत हाय. तो घेऊन सोनपेठला जा, अन् दिनकररावांना तुमच्या उर्दूत समजावून सांगा, की पोरगं शिकलेलं हाय.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवायच्या आत लिंबाजी येऊन गेला. साहेबांच्या हुकमाचं त्यानं सोनपेठला आधीच सांगितलंय, अन् मी मॅट्रिक हाय हे त्यांना पटलंय. कमलनं निरोप धाडलाय: ते अडाणी असते तर मी शिकवलं असतं; येत नसलेलं वाचून दाखवणाऱ्याला काय शिकवू? तवा दाखला ट्रंकेतच राहू द्या. नुसते तुमी या. माफी मागायला जायचंय, अन् एकट्याचा पाय उचलत न्हाई.